घरचा संगणक : स्वच्छ ठेवाल तर सुरक्षित राहील



आपल्या शाळेतील बऱ्याच मुलांच्या घरी आता संगणक आहे. कुणी तो सिकंदराबादच्या पार्कलेनवरील चिनॉय ट्रेड सेंटरमधून भाग निवडून जोडून घेतलेला असतो, तर कुणाकडे थोरल्या भावाचा इंजिनिअरिंगच्या वेळचा लॅपटॉप असतो. घरात एकच यंत्र आणि वापरणारे पाच, अशी स्थिती पुष्कळ ठिकाणी आहे. त्या एका यंत्रात मुलांचे प्रकल्प असतात, दहावीची गुणपत्रिका असते, आजोबांच्या पेन्शनचे कागद असतात, गावाकडच्या शेतीचा सातबारा असतो. काही घरांत तर पणजोबांच्या मोडी पत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रतीही आहेत. पिढ्यान्‌पिढ्या हैदराबादेत राहिलेल्या आपल्या कुटुंबांचे गावाशी असलेले नाते ज्या कागदांवर आणि फोटोंवर टिकले आहे, ते सारे आता या पेटीत आले आहे. पेटी बिघडली तर पैसे खर्चून नवी आणता येते. आतले गेले तर बाजारात मिळत नाही.

म्हणून या अंकातील पाठ घरच्या संगणकाच्या काळजीविषयी आहे. पालक सभेत आमच्याकडे दोन तक्रारी नेहमी येतात. पहिली, "संगणक फार हळू चालतो." दुसरी, "व्हायरस आला आहे, काय करावे?" पालक या दोन वेगळ्या गोष्टी समजतात. आमचे म्हणणे असे की, पुष्कळदा या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच असते. जे सॉफ्टवेअर आपल्याला लागत नाही, पण संगणकात बसून आहे, ते जागा खाते, वेग खाते आणि चोराला आत यायला एक दारही उघडे ठेवते. तेव्हा साफसफाई आणि सुरक्षा ही दोन कामे नसून एकच काम आहे, आणि ते घरच्या घरी, बहुतेक वेळा एक रुपयाही खर्च न करता करता येते.

१. तार आणि नाका

आपल्या तारनाक्याच्या नावाविषयी जुनी माणसे असे सांगतात की, निजामाच्या काळी इकडे बागा होत्या, त्यांना तारेचे कुंपण होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांवर लक्ष ठेवायला नाका होता. तार आणि नाका मिळून तारनाका. संगणकाच्या सुरक्षेचा पहिला धडा याच नावात आहे. चारी बाजूंनी कुंपण हवे आणि जिथून ये-जा होते तिथे विचारपूस करणारा माणूस हवा.

संगणकातील कुंपणाला फायरवॉल म्हणतात. इंटरनेटवरून आपल्या यंत्राशी कोण बोलू पाहतो यावर ती नजर ठेवते आणि न बोलावता आलेल्याला बाहेर थांबवते. विंडोजमध्ये ही सोय २००४ पासून आपोआप चालू असते. ती कुणी बंद तर केली नाही ना, एवढे वर्षातून दोनदा पाहावे. एखादा खेळ किंवा प्रोग्राम "आधी फायरवॉल बंद करा, मग मला बसवा" असे म्हणत असेल तर तो बसवूच नये. पाहुणा कुंपण तोडायला सांगतो याचा अर्थ मुलांनाही कळतो.

नाक्यावरचा माणूस म्हणजे अँटीव्हायरस. तो दोन प्रकारे काम करतो. त्याच्याजवळ माहीत असलेल्या घातक प्रोग्रामांच्या ठशांची यादी असते आणि येणारी प्रत्येक फाइल तो त्या यादीशी ताडून पाहतो. शिवाय एखादा अनोळखी प्रोग्राम विचित्र वागू लागला, उदाहरणार्थ भराभर शेकडो फाइली बदलू लागला, तर त्याला अडवतो. ठशांची यादी रोज बदलते. म्हणून मुदत संपलेला अँटीव्हायरस म्हणजे झोपी गेलेला चौकीदार होय. खुर्चीवर दिसतो, पण उपयोग नाही.

विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर नावाचा अँटीव्हायरस मुळातच असतो. साध्या घरगुती कामाला तो पुरेसा आहे. विकत घेतलेला वापरायचा असेल तर एकच वापरावा. दोन अँटीव्हायरस एकाच वेळी पहारा देऊ लागले की ते एकमेकांवरच संशय घेतात आणि यंत्राची गती मंदावते. लॅपटॉपबरोबर तीन महिन्यांसाठी फुकट आलेला अँटीव्हायरस मुदतीनंतर चालू ठेवायचा नसेल तर तो पूर्ण काढून टाकावा आणि डिफेंडर पुन्हा चालू झाला आहे याची खात्री करावी.

२. शत्रूची ओळख

सर्वांना आपण सरसकट व्हायरस म्हणतो, पण त्यांच्या जाती निराळ्या आहेत. विद्यार्थ्यांनी ही नावे वहीत उतरवून घ्यावीत.

व्हायरस : हा दुसऱ्या फाइलीला किंवा डिस्कला चिकटून पसरतो. आयबीएम प्रकारच्या घरगुती संगणकांवर पसरलेला पहिला व्हायरस म्हणून ज्याची नोंद होते तो "ब्रेन" १९८६ साली लाहोरमधील दोन भावांनी लिहिला होता. तो फ्लॉपीवरून पसरे.

वर्म म्हणजे किडा : याला चिकटायला काही लागत नाही. एका संगणकावरून दुसऱ्यावर तो स्वतःच जाळ्यातून सरकत जातो.

ट्रोजन : हे नाव ग्रीक कथेतील लाकडी घोड्यावरून आले. बाहेरून खेळ, फोटो किंवा बिल दिसते, आत चोर असतो. हा स्वतःहून येत नाही, आपणच त्याला आत घेतो.

स्पायवेअर : हा गुपचूप बसून आपण काय टाइप करतो ते पाहतो. त्याला पासवर्ड हवा असतो.

अ‍ॅडवेअर : जाहिरातींचा मारा करणारा. घरच्या संगणकात सर्वांत जास्त आढळतो तो हाच. ब्राउझर उघडला की भलतेच पान येते, ते बहुधा याचे काम.

रॅन्समवेअर : हा सर्वांत क्रूर. आपल्याच फाइलींना तो कुलूप लावतो आणि किल्लीसाठी खंडणी मागतो.

आपल्याकडे जे कायदेशीर बंधन आहे तेही मुलांना माहीत असावे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या कलम ४३ व ६६ प्रमाणे दुसऱ्याच्या संगणकात अप्रामाणिक हेतूने व्हायरस सोडणे हा गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. "गंमत म्हणून केले" हे उत्तर तिथे चालत नाही.

या शत्रूशी लढण्यात मराठी माणसाचाही वाटा आहे, हे मुलांना सांगायला आम्हाला आनंद वाटतो. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करण्याचे काम शिकले. १९९०च्या सुमारास त्यांनी स्वतःचे छोटे दुरुस्तीचे दुकान काढले आणि पुढे ते संगणकही दुरुस्त करू लागले. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत पुन्हा पुन्हा व्हायरस सापडत. धाकटे बंधू संजय तेव्हा संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी हे व्हायरस काढणारे प्रोग्राम लिहायला सुरुवात केली. त्यातून १९९५ साली "क्विक हील" हा अँटीव्हायरस बाजारात आला आणि २०१६ साली ती कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. सुरुवात झाली ती गिऱ्हाइकाचे यंत्र पुन्हा पुन्हा का बिघडते, या साध्या प्रश्नापासून. तोच प्रश्न आपण घरी विचारायचा आहे.

३. अपडेट म्हणजे कटकट नव्हे

"अपडेट उपलब्ध आहे" अशी सूचना आली की आपण "नंतर" वर टिचकी मारतो. त्या "नंतर"ची किंमत काय असते ते २०१७ साली जगाने पाहिले. विंडोजमधील एक दोष मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दुरुस्त करून दिला. ज्यांनी दुरुस्ती घेतली ते वाचले. बाकीच्यांवर १२ मे २०१७ रोजी "वॉनाक्राय" नावाचे रॅन्समवेअर चालून आले. ते किड्यासारखे आपोआप पसरणारे होते. ब्रिटनमधील रुग्णालयांचे काम अडले, आणि आपल्या शेजारच्या आंध्र प्रदेशात पोलिसांच्या काही संगणकांनाही त्याची बाधा झाली. औषध दोन महिने अगोदर आलेले होते, पण पुष्कळांनी ते घेतले नव्हते.

याच कारणासाठी जुन्या विंडोजवर राहणे धोक्याचे आहे. विंडोज एक्सपीचे अपडेट एप्रिल २०१४ मध्ये थांबले, विंडोज ७ चे जानेवारी २०२० मध्ये आणि विंडोज १० चे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. विंडोज १० च्या घरगुती ग्राहकांपैकी जे नोंदणी करतील त्यांच्यासाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत एक वर्षाची जादा मुदत कंपनीने जाहीर केली होती. ती कायमची सोय नव्हे. ज्यांचे यंत्र विंडोज ११ घेऊ शकत नाही त्यांनी ते लगेच भंगारात देण्याचे कारण नाही. उबुंटू किंवा मिंट यांसारखी लिनक्स प्रणाली फुकट मिळते, जुन्या यंत्रावरही बरी चालते, आणि लिहिणे, वाचणे, इंटरनेट पाहणे ही शाळेची सर्व कामे तीवर होतात.

बिनपरवान्याच्या सॉफ्टवेअरविषयी येथेच सांगतो. पैसे न देता विंडोज किंवा इतर महागडे सॉफ्टवेअर "चालू" करून देणारे छोटे प्रोग्राम मिळतात, त्यांना क्रॅक म्हणतात. ते चालवताना "अँटीव्हायरस थोडा वेळ बंद करा" असे सांगितलेले असते. म्हणजे चौकीदाराला सुट्टी देऊन अनोळखी माणसाच्या हाती किल्ल्या देण्यासारखेच झाले. "फुकट ते पौष्टिक" ही म्हण निदान येथे तरी खरी नाही.

४. अडगळ कुठून येते आणि कशी काढावी

दिवाळीआधी आपण माळा काढतो तेव्हा तीन ढीग करतो. लागणारे, देऊन टाकायचे आणि काय आहे तेच न कळणारे. संगणकातही असेच तीन ढीग करावेत.

(अ) नको असलेले प्रोग्राम. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स आणि त्यात इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स येथे पूर्ण यादी दिसते. ती घरातील सर्वांनी एकत्र बसून वाचावी. "हे कुणी बसवले? कशासाठी? शेवटचे कधी वापरले?" असे तीन प्रश्न प्रत्येक नावाला विचारावेत. वर्षभरात न वापरलेले काढून टाकावे. मात्र ज्याचे नाव समजत नाही ते घाईने काढू नये. ते यंत्राच्या आवाज, पडदा किंवा छपाईसाठी लागणारे असू शकते. आधी विचारावे, मग काढावे. नाहीतर चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची. तसेच डेस्कटॉपवरचे चित्र पुसले म्हणजे प्रोग्राम गेला असे नव्हे. दारावरची पाटी काढल्याने भाडेकरू जात नाही.

हे पाहुणे येतात कसे? पुष्कळदा दुसऱ्याच्या पाठीवर बसून येतात. आपण एक फुकटचा प्रोग्राम उतरवतो, भराभर "नेक्स्ट, नेक्स्ट" दाबतो, आणि मधल्या एका पानावर आधीच केलेली बारीक खूण आपल्या नजरेतून सुटते. त्यातून टूलबार, "वेग वाढवणारे" यंत्र, भलतेच सर्च पान, असे सारे वऱ्हाड आत येते. तेव्हा प्रत्येक पान वाचावे, नको ती खूण काढावी, आणि प्रोग्राम मूळ कंपनीच्या संकेतस्थळावरूनच उतरवावा.

(आ) सुरू होतानाच जागे होणारे प्रोग्राम. संगणक चालू होण्यास पाच-सात मिनिटे लागत असतील तर बहुधा दहा-बारा प्रोग्राम एकदमच उठत असतात. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील स्टार्टअप विभागात ज्यांची सुरुवातीलाच गरज नाही त्यांना डिसेबल करावे. याने प्रोग्राम पुसला जात नाही, फक्त बोलावल्याशिवाय येत नाही. अँटीव्हायरसला मात्र हात लावू नये.

(इ) ब्राउझर. आज घरातील निम्मी अडगळ ब्राउझरमध्येच असते. एक्स्टेन्शन नावाची जोडपत्रे तपासावीत. एक्स्टेन्शनला बहुधा आपण पाहतो ते प्रत्येक पान वाचण्याची परवानगी दिलेली असते, म्हणून नको ते काढणे हे सुरक्षेचेच काम आहे. दुसरी गोष्ट नोटिफिकेशनची. पडद्याच्या कोपऱ्यात "तुमच्या संगणकात पाच व्हायरस सापडले" अशा पाट्या येतात व आजी-आजोबा घाबरतात. पुष्कळदा तो व्हायरस नसतोच. कधी तरी एखाद्या पानाने "परवानगी द्या" विचारले आणि आपण "अलाउ" दाबले, त्याच्या त्या जाहिराती असतात. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, साइट सेटिंग्ज आणि नोटिफिकेशन येथे जाऊन अनोळखी नावे काढली की त्या पाट्या बंद होतात.

(ई) तात्पुरत्या फाइली. विंडोजमधील स्टोरेज सेन्स किंवा डिस्क क्लीनअप यांनी त्या पुसाव्यात. पुसण्यापूर्वी यादी वाचावी. "डाउनलोड्स"समोर खूण असेल तर थांबावे, कारण पुष्कळ घरांत हॉलतिकिटे आणि बिले तेथेच पडून असतात. रिसायकल बिनही पाहूनच रिकामी करावी.

(उ) काय करू नये. "रजिस्ट्री साफ करणारे", "वेग दसपट करणारे", "सर्व ड्रायव्हर नवे करणारे" प्रोग्राम घेऊ नयेत. त्यांची गरज नसते, आणि अडगळ काढायला आणलेली ही आणखी एक अडगळ होते. तसेच जुन्या काळी डिस्क डीफ्रॅग करण्याचा सल्ला दिला जाई. आताच्या एसएसडी डिस्कला त्याची गरज नाही. विंडोज तिची देखभाल आपली आपण करते.

(ऊ) मराठी लिहिण्यासाठी. आपल्या समाजातील घरांत हा खास प्रश्न आहे. मंडळाचे पत्रक किंवा लग्नाची पत्रिका टाइप करायची असते, म्हणून कुणाकडून तरी पेनड्राइव्हवर फाँटचा गठ्ठा आणि टायपिंगचा क्रॅक केलेला प्रोग्राम येतो आणि त्याबरोबर व्हायरसही येतो. आता याची गरज उरलेली नाही. मराठी इनस्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्ये मुळातच आहे. उच्चाराप्रमाणे इंग्रजी कळांवर मराठी उमटवणारा फोनेटिक कळफलकही २०१९ पासून विंडोजमध्ये आहे. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज येथे मराठी भाषा जोडली की झाले. हे लिखाण युनिकोडमध्ये असल्यामुळे पुण्याच्या किंवा अमेरिकेतल्या नातेवाइकालाही ते फाँट न मागता वाचता येते.

५. पेनड्राइव्ह : हात धुऊन आत यावे

शाळा, घर आणि छपाईचे दुकान या त्रिकोणात आमच्या मुलांचे पेनड्राइव्ह फिरतात. उस्मानिया विद्यापीठाच्या आसपास झेरॉक्सची दुकाने आहेत, तेथील एकेका यंत्राला दिवसभरात कितीतरी पेनड्राइव्ह लागतात. एकाला बाधा असली की सर्वांना होते. आमच्या संगणक कक्षात वारंवार दिसणारी तक्रार म्हणजे, "सर, प्रकल्प गेला, नुसते शॉर्टकट दिसतात." अशा वेळी रडू नये आणि पेनड्राइव्ह फॉर्मॅटही करू नये. पुष्कळदा हा व्हायरस मूळ फाइली फक्त लपवतो. त्या शॉर्टकटवर टिचकी न मारता आधी अँटीव्हायरसने पेनड्राइव्ह तपासावा, मग फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत "हिडन आयटम्स"वर खूण करावी. फाइली बहुधा तेथेच सापडतात.

त्याच मेनूत "फाइल नेम एक्स्टेन्शन्स"वरही कायमची खूण करून ठेवावी. विंडोज नावाचे शेपूट लपवते. त्यामुळे "पत्रिका.पीडीएफ.ईएक्सई" ही फाइल नुसती "पत्रिका.पीडीएफ" दिसते. शेपूट ईएक्सई असेल तर ती पत्रिका नसून प्रोग्राम आहे. मोबाइलवर लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके फाइल येते तिचेही तसेच.

पेनड्राइव्ह व बाधित संगणक यांविषयी सरकारी मदतही आहे. २०१७ साली केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने "सायबर स्वच्छता केंद्र" सुरू केले. नावातच स्वच्छता आणि सुरक्षा एकत्र आहेत हे लक्षात घ्यावे. तेथे बाधा काढणारी साधने मोफत देण्यात आली. पेनड्राइव्हवर नियंत्रण ठेवणारे "यूएसबी प्रतिरोध" हे साधन आपल्याच हैदराबादच्या सी-डॅक संस्थेत तयार झाले आहे.

६. घरात किल्ल्या कुणाकडे?

एकाच खात्यात सारे घर काम करते ही मोठी चूक होय. विंडोजमध्ये ज्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणतात ते खाते घरातील एका जबाबदार व्यक्तीकडे असावे आणि त्याला पासवर्ड असावा. बाकी सर्वांसाठी, बाबांच्या रोजच्या कामासाठीसुद्धा, साधे स्टँडर्ड खाते करावे. साध्या खात्यातून प्रोग्राम बसवायचा झाला की बहुधा मोठ्या खात्याचा पासवर्ड विचारला जातो, आणि त्या एका क्षणी पुष्कळ उपद्रव बाहेरच थांबतो. यात मुलांवर अविश्वास नाही. घराची किल्ली सर्वांना देतो, कपाटाची देत नाही, तसेच हे.

पासवर्ड लांब असावा. मुलाचे नाव आणि जन्मसाल नको. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडले तर लक्षात राहतात आणि ओळखायला कठीण जातात. ई-मेलचा पासवर्ड सर्वांहून वेगळा असावा, कारण बाकीची खाती उघडण्याचा रस्ता ई-मेलमधूनच जातो. बँक आणि ई-मेल यांना दुहेरी पडताळणी अवश्य लावावी. वाय-फायच्या राउटरचा कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा.

आजी-आजोबांना एक गोष्ट मुलांनी प्रेमाने समजावून सांगावी. पडदा लाल होऊन "ताबडतोब या नंबरवर फोन करा" असे आले तर तो नंबर खोटा असतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. फोनवरचा माणूस एनीडेस्कसारखे प्रोग्राम घ्यायला सांगेल. हे प्रोग्राम वाईट नव्हेत, दूर बसून दुरुस्ती करायला ते खरोखर लागतात. पण अनोळखी माणसाला त्यातील आकडा सांगणे म्हणजे त्याला आपल्या खुर्चीवर बसवणे होय. रिझर्व्ह बँकेने २०१९ सालीच बँकांना याविषयी सावध केले होते. अशा वेळी फोन ठेवावा, संगणक बंद करावा आणि घरातल्या कुणालातरी हाक मारावी. मुलांनी आणि सुनांनीही, "तुम्हाला कळत नाही तर हात कशाला लावता?" असे आजी-आजोबांना म्हणू नये. ज्याला रागावले जाते तो पुढच्या वेळी सांगत नाही, आणि ठगाला नेमके तेच हवे असते.

७. दुसरी प्रत

एवढे करूनही डिस्क बिघडू शकते, लॅपटॉप चोरीला जाऊ शकतो, रॅन्समवेअर येऊ शकते. म्हणून जे बाजारात मिळत नाही त्याच्या तीन प्रती ठेवाव्यात. त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक घराबाहेर असावी. मूळ संगणकात, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, तिसरी क्लाउडवर किंवा भावाच्या घरी, असे सोपे गणित आहे.

बाहेरची डिस्क काम झाले की काढून ठेवावी. ती सतत जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर तिलाही कुलूप लावते. आणि वर्षातून एकदा त्या प्रतीतील चार फाइली उघडून पाहाव्यात. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही ती प्रत आहे असे धरू नये. पणजोबांची पत्रे आणि लग्नाचे फोटो हे काम या महिन्यातच करावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

८. बाधा झालीच तर

प्रथम इंटरनेट तोडावे, म्हणजे वाय-फाय बंद करावे किंवा वायर काढावी. मग अँटीव्हायरसने पूर्ण तपासणी करावी. विंडोज डिफेंडरमध्ये "ऑफलाइन स्कॅन" नावाची तपासणी आहे. ती विंडोज सुरू होण्यापूर्वीच चालते, म्हणून लपून बसलेले उपद्रवही सापडतात. पासवर्ड बदलायचे असतील तर ते दुसऱ्या निरोगी यंत्रावरून बदलावेत.

रॅन्समवेअरची खंडणी देऊ नये. पैसे दिल्यावर किल्ली मिळेलच असे नसते. २०१६ साली युरोपच्या पोलिसांनी व काही कंपन्यांनी मिळून "नो मोअर रॅन्सम" हा उपक्रम सुरू केला, तेथे काही कुलपांच्या किल्ल्या मोफत मिळतात.

खात्यातून पैसे गेले असतील तर एक मिनिटही न दवडता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा आणि आपल्या बँकेला कळवावे. जितक्या लवकर फोन, तितकी रक्कम मध्येच थांबण्याची शक्यता अधिक. लोक काय म्हणतील या विचाराने रात्रभर गप्प बसणे हेच सर्वांत मोठे नुकसान.

जुना संगणक विकताना किंवा भंगारात देतानाही सावध असावे. फाइली नुसत्या पुसल्याने जात नाहीत. "रिसेट धिस पीसी"मध्ये सर्व काढण्याचा आणि डिस्क साफ करण्याचा पर्याय निवडावा. यंत्र बिघडलेले असेल तर डिस्क काढून घ्यावी.

वेळापत्रक : हे कापून संगणकाजवळ चिकटवावे

रोज : अनोळखी फाइल उघडू नये. काम झाले की बँकेच्या पानातून लॉगआउट व्हावे.

दर आठवड्याला : अपडेट घ्यावेत. अँटीव्हायरसची तारीख पाहावी. नव्या फाइलींची दुसरी प्रत काढावी.

दर महिन्याला : प्रोग्रामांची यादी, स्टार्टअप, एक्स्टेन्शन आणि नोटिफिकेशन तपासावे. तात्पुरत्या फाइली पुसाव्यात.

वर्षातून दोनदा : फायरवॉल चालू आहे का ते पाहावे.

दिवाळीत : पूर्ण साफसफाई. दुसरी प्रत उघडून पाहणे. महत्त्वाचे पासवर्ड तपासणे. कपड्याने व मऊ ब्रशने धूळ काढणे, अर्थात वीज बंद करूनच.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

१. व्हायरस, वर्म आणि ट्रोजन यांतील फरक स्वतःच्या शब्दांत लिहा.

२. वॉनाक्रायचे औषध आधी आलेले असूनही लोक का सापडले? पाच ओळींत कारण लिहा.

३. घरच्या संगणकातील प्रोग्रामांची यादी करा. प्रत्येकासमोर "कुणाला लागतो" ते लिहा. कुणालाच लागत नाहीत असे किती निघाले?

४. आजी किंवा आजोबांना लाल पडद्याच्या खोट्या सूचनेविषयी समजावून सांगा आणि त्यांनी विचारलेला एक प्रश्न वहीत लिहून आणा.

५. घरातील सर्वांत जुना फोटो किंवा कागद शोधा. त्याची संगणकात प्रत आहे का? नसेल तर पालकांच्या मदतीने तो स्कॅन करा, दोन ठिकाणी जपून ठेवा आणि त्यात कोण आहे, तो कुठल्या गावचा आहे, हे फाइलीच्या नावातच मराठीत लिहा.

पाचव्या प्रश्नाच्या उत्तरांतील निवडक नोंदी पुढच्या अंकात छापण्याचा आमचा विचार आहे. वह्या वर्गशिक्षकांकडे द्याव्यात.